ससेपालनातील गवताची नासाडी

पाळीव सशाला खाण्यासाठी दिलेल्या वाळलेल्या गवतापैकी जो भाग त्याच्या पोटात न जाता विखुरतो, तुडवला जातो, मुत्राने भिजतो, कुबट होतो किंवा चुरा होऊन टाकून द्यावा लागतो, त्यास ससेपालनातील गवताची नासाडी असे म्हणता येईल. हौसेखातर एक-दोन ससे पाळणाऱ्या घरांत ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. नागपूर आणि एकूणच विदर्भात या प्रश्नाला काही स्थानिक कंगोरे आहेत. येथील उन्हाळा अतितीव्र असतो, पावसाळा दमट असतो, आणि आसपासच्या जिल्ह्यांत गुरांसाठी मिळणारी वैरण सशाला जशीच्या तशी चालत नाही.

नासाडी कमी करणे म्हणजे गवत कमी देणे नव्हे. गुरांच्या बाबतीत मोजूनमापून वैरण टाकणे हा काटकसरीचा रूढ मार्ग आहे. सशाच्या बाबतीत तोच मार्ग त्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून येथील सर्व उपाय गवताची निवड, साठवण, मांडणी आणि उरलेल्या गवताचा उपयोग यांच्याशी संबंधित आहेत.

सशाच्या आहारातील गवताचे स्थान

पाळीव सशाचे शास्त्रीय नाव ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस असे असून इबेरियन द्वीपकल्प, म्हणजे आजचे स्पेन व पोर्तुगाल, हा त्याचा मूळ प्रदेश मानला जातो. विदर्भातील शेताशिवारांत आढळणारा रानससा ही निराळी जात आहे. तिला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असल्याने रानससा पकडून पाळणे बेकायदेशीर आहे. मराठीत दोहोंना एकच शब्द असल्यामुळे हा घोटाळा वारंवार होतो.

सशाला एकूण २८ दात असतात आणि ते सर्व जन्मभर वाढत राहतात. पुढचे पटाशीचे दात आठवड्याला सुमारे २ ते ३ मिलिमीटर वाढतात. गवत चावताना सशाचा खालचा जबडा आडवा, जात्यासारखा फिरतो. गवतातील सिलिकेमुळे आणि या घर्षणामुळे दाढा झिजत राहतात. ही झीज थांबली की दाढांना टोकदार कंगोरे येतात, ते जिभेला व गालाला टोचतात आणि ससा हळूहळू खाणे सोडतो.

दुसरे कारण आतड्याचे. गवतातील न पचणारे तंतू सशाच्या आतड्याला सतत चालना देतात. बारीक कण उंडुकात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेल्या पिशवीत, वळवले जातात. तेथे जिवाणू ते आंबवतात आणि त्यापासून मऊ लेंड्या तयार होतात. या मऊ लेंड्या ससा थेट तोंडाने घेऊन पुन्हा गिळतो. ही विकृती नसून पोषणाचा आवश्यक भाग आहे. प्रौढ सशाच्या आहाराचा सुमारे ८० ते ८५ टक्के भाग वाळलेले किंवा ताजे गवत असावा, असे सामान्यतः सांगितले जाते. उरलेल्या भागात पालेभाज्या आणि थोडे तयार खाद्य येते. बालवाडीच्या पुस्तकांतील ससा मात्र हमखास गाजर खाताना दाखवलेला असतो. प्रत्यक्षात गाजरात साखर अधिक असल्याने ते खाऊपुरतेच द्यावयाचे असते.

नासाडीची कारणे

ससा निवडून खाणारा प्राणी आहे. गवताच्या जुडीतून तो प्रथम पाती व कोवळे शेंडे ओढून घेतो, नंतर बारीक काड्या खातो आणि जाड कांडे शेवटी ठेवतो किंवा सोडून देतो. जुडी जमिनीवर टाकलेली असेल तर या शोधाशोधीत ती सर्वत्र पसरते. खाता खाता लेंड्या टाकण्याची सवयही त्याला निसर्गतः असते. त्यामुळे ज्या जागी खाणे त्याच जागी मलमूत्र असा प्रकार होतो आणि भिजलेले गवत ससा पुन्हा तोंडाला लावत नाही. पालक याला 'नखरे' म्हणतात. वास्तविक मुत्राने भिजलेल्या गवतावर बुरशी फार लवकर धरते, त्यामुळे ते टाळण्यात सशाचे हितच असते. याशिवाय उकरणे हा त्याचा स्वभाव आहे आणि गाभण मादी तर घरटे करण्यासाठी तोंडभर गवत गोळा करते. त्या वेळी नेलेले गवत वाया गेले असे समजू नये.

नासाडीचा बराच भाग सशापर्यंत पोहोचण्यापूर्वीच झालेला असतो. उशिरा कापलेले, पिवळे पडलेले गवत मुळातच काड्यांचे असते. पिशवीत कोंबलेले गवत मोडून त्याचा चुरा होतो. ओलसर जागी ठेवलेल्या गवताला कुबट वास येतो. असे गवत सशाने नाकारले की दोष सशावर येतो.

मोजमाप

उपाय करण्यापूर्वी नेमके काय वाया जाते हे पाहणे उपयुक्त ठरते. त्यासाठी स्वयंपाकघरातील वजनकाटा पुरतो. आठवडाभर रोज दिलेले गवत तोलावे आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या गवताचे तीन ढीग करावेत. पहिल्यात कोरड्या स्वच्छ काड्या, दुसऱ्यात भिजलेले किंवा लेंड्यांत मिसळलेले गवत आणि तिसऱ्यात चुरा ठेवावा. समजा, १५० ग्रॅम गवत दिले आणि ६० ग्रॅम उरले. त्यातील ४० ग्रॅम भिजलेले असेल तर दोष मांडणीचा आहे. ४० ग्रॅम काड्या असतील तर दोष गवताच्या प्रतीचा आहे, आणि चुरा अधिक असेल तर साठवणीचा. भिजलेल्या गवताच्या वजनात मुत्राचेही वजन येते. म्हणून तो ढीग उन्हात वाळवून मग तोलला तर आकडा खरा मिळतो.

सशाची कोरड्या अन्नाची गरज ढोबळमानाने त्याच्या वजनाच्या ४ ते ५ टक्के असते. म्हणजे दोन किलोंच्या सशाला सर्व मिळून ८० ते १०० ग्रॅम कोरडे अन्न लागते. प्रत्यक्षात यापेक्षा बरेच अधिक गवत समोर असावे लागते, कारण त्याला निवडीस वाव हवा. काही भाग उरणार हे त्यामुळे गृहीतच आहे. काहीच उरत नसेल तर गवत कमी पडत आहे असे मानावे.

विदर्भातील गवत व वैरण

पाळीव सशांच्या खाद्याच्या पाकिटांवर बहुधा टिमोथी गवताचे नाव असते. हे थंड हवामानातील गवत आहे. भारतातील शहरांत मिळणारे टिमोथी प्रामुख्याने आयात केलेले आणि म्हणून महाग असते. त्याची नासाडी खिशाला विशेष जाणवते. सशाला मात्र टिमोथीच हवे असा काही नियम नाही. स्वच्छ, हिरवट आणि सुवासिक असे कोणतेही योग्य गवत त्याला चालते. हरळी आणि मारवेल ही महाराष्ट्रात सर्वत्र परिचित असलेली गवते वाळवून देता येतात.

स्थानिक गवताचा गुण कापणीच्या वेळेवर ठरतो. पावसाळा सरल्यावर, साधारणतः आश्विन-कार्तिकात, फुलोरा येण्याच्या सुमारास कापलेल्या गवतात पात्यांचे प्रमाण चांगले असते. पुढे बी धरून गवत पिवळे पडले की त्याच्या काड्या होतात आणि ससा त्या सोडून देतो. कुसळी गवताबाबत तर उशीर धोक्याचा असतो. या गवताची कुसळे टोकदार असून ती हिरड्यांत, जिभेखाली, डोळ्यांत किंवा पावलांत रुततात. रानातून चालून आल्यावर धोतराच्या किंवा पातळाच्या काठातून ती वेचण्याचा अनुभव खेड्यांतील माणसांना नवा नाही. कुसळे धरलेली पेंढी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. पेंढीत गाजरगवत मिसळलेले नाही ना, हेही पाहावे. हे तण गेल्या शतकाच्या मध्यापासून महाराष्ट्रात पसरले. त्याच्या संपर्काने माणसांना त्वचेचे व श्वसनाचे विकार होतात. नावात गाजर आणि गवत ही दोन्ही असली तरी ते सशाचे खाद्य नाही.

विदर्भात गुरांची वैरण प्रदेशागणिक बदलते. पूर्वेकडील भंडारा, गोंदिया, गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत तणस मुबलक असते. पश्चिमेकडे पूर्वी ज्वारीचा कडबा भरपूर असे. सोयाबीनचे क्षेत्र वाढत गेले तशी ज्वारी मागे पडली आणि कडबा दुर्मिळ झाला. हरभरा, तूर, सोयाबीन यांच्या मळणीतून मिळणारे कुटारही गुरांना घातले जाते. यांपैकी कोणतीही वैरण सशाच्या मुख्य आहाराची जागा घेऊ शकत नाही. तणसात पोषण कमी व सिलिका फार असते, कडब्याची धाटे सशाला कठीण जातात आणि कुटारात धूळ व चुरा अधिक असतो. लसूणघास ससे आवडीने खातात, परंतु त्यात प्रथिने व कॅल्शियम यांचे प्रमाण जास्त असते. सशाचे शरीर अन्नातील कॅल्शियम मोठ्या प्रमाणात शोषून घेते आणि जास्तीचे मुत्रावाटे टाकते. त्यामुळे प्रौढ सशाला नेहमी लसूणघास दिल्यास मूत्राशयात गाळ साचण्याचा धोका संभवतो. वाढत्या पिल्लांना आणि दूध पाजणाऱ्या मादीला तो योग्य आहे.

तणसाचा मात्र एक फार चांगला उपयोग आहे, तो म्हणजे अंथरूण. अनेक घरांत खाण्याचे महागडे गवतच खाली पसरले जाते आणि निम्मी नासाडी तेथेच होते. बसण्या-निजण्यासाठी स्वच्छ, बुरशी नसलेले तणस आणि खाण्यासाठी वेगळे, उंचावर ठेवलेले गवत अशी विभागणी केली की फरक पहिल्याच आठवड्यात दिसतो. नागपुरात भंडाऱ्याकडून येणारे तणस सहज मिळू शकत असल्याने हा उपाय परदेशी पुस्तकांतील कोणत्याही उपायापेक्षा येथे अधिक सोयीचा आहे.

साठवण

गवतातील ओलावा १५ टक्क्यांहून कमी असल्यास ते टिकते. घरी हे तपासण्याची जुनी रीत म्हणजे काडी पिळून पाहणे. वाळलेली काडी कडकन मोडते, ओलसर काडी वाकते. नागपुरात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवलेले गवत आतल्या ओलाव्याने घामेजते. तागाचे पोते किंवा जुन्या सुती चादरीचे गाठोडे त्यासाठी बरे. ते जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता फळीवर ठेवावे. पावसाळ्यापुरताच साठा करावा आणि उघडीप मिळेल तेव्हा गवताला ऊन दाखवावे. बुरशी धरलेले गवत उन्हात वाळवून पुन्हा देणे ही काटकसर नव्हे, कारण वाळवल्याने बुरशीची विषे नाहीशी होत नाहीत.

नागपूरच्या उन्हाळ्यात हवा कोरडी असल्यामुळे साठवण सोपी असावी असे वाटते. येथे अडचण येते ती कूलरची. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांतून येणारी ओलसर हवा ज्या खोलीत दिवसभर खेळते, त्या खोलीतील उघडे गवत दोन-तीन दिवसांत मऊ पडते. ससा थंड खोलीत आणि गवताचा साठा दुसऱ्या कोरड्या खोलीत, अशी व्यवस्था हितावह ठरते.

देण्यापूर्वी गवत सुपात घेऊन हलकेच पाखडले की धूळ व माती खाली पडते. ही धूळ सशाच्या आणि माणसाच्याही श्वासनलिकेला त्रासदायक असते.

गव्हाण आणि मांडणी

गोठ्यात गव्हाण ज्या कारणाने असते त्याच कारणाने सशालाही ती हवी. वैरण पायांखाली येऊ नये, हा तिचा हेतू. सशाची गव्हाण त्याच्या बसल्या तोंडाच्या उंचीवर असावी. फार उंच असल्यास गवताचा कचरा डोळ्यांत पडतो, फार खाली असल्यास ससा आत उडी मारून बसतो. उभ्या गजांमधील अंतर सुमारे ४ ते ५ सेंटिमीटर ठेवले तर गवत ओढता येते, पण संपूर्ण जुडी बाहेर येत नाही. अंतर सशाच्या डोक्याइतके मोठे असू नये. जाळीच्या पिशव्या आणि टांगते तारेचे गोळे पाय किंवा मान अडकण्याच्या दृष्टीने धोक्याचे असतात. ते बाजारात सुंदर दिसतात, एवढाच त्यांचा गुण.

गव्हाण कोठे ठेवावी, याबाबत सशाची सवय मान्य करणेच शहाणपणाचे. तो खाता खाता लेंड्या टाकतो, म्हणून मलपात्राला लागून गव्हाण बसवावी. गव्हाणीखाली मात्र स्वतंत्र उथळ ताट असावे. त्यात पडलेले कोरडे गवत संध्याकाळी झटकून पुन्हा गव्हाणीत घालता येते. पाण्याचे भांडे या जागेपासून हातभर दूर ठेवावे. भिजू नये म्हणून सशाला तारेच्या जाळीवर ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. घरगुती पालनात ती टाळावी, कारण सशाच्या तळपायाला मांसल गादी नसते आणि जाळीमुळे तेथे जखमा होतात.

ससा पहाटे व तिन्हीसांजेला अधिक खातो. दिवसाचे गवत एकदम न घालता या दोन वेळी ताजे घातले आणि दुपारी नुसते वरखाली केले तरी खाण्यात वाढ होते. हाताने मोकळे केलेले, हवेशीर गवत ससा चटकन स्वीकारतो. उरलेल्या काड्यांत वाळलेली कोथिंबीर किंवा पुदिना मिसळल्यास त्यांतील काही भाग संपतो. कागदी पुठ्ठ्याच्या खोक्यात काड्या भरून दिल्या तर त्याच्या उकरण्याच्या हौसेलाही वाव मिळतो.

कुट्टीचा प्रश्न

कडबा कापून कुट्टी केली की गुरांना पाला निवडून धाटे टाकता येत नाहीत आणि वैरण वाचते, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. साहजिकच सशाच्या गवताचीही कुट्टी करावी अशी कल्पना सुचते. ती फारशी हितकर नाही. लांब पाते दाढांखाली पुन्हा पुन्हा घ्यावे लागते आणि दातांना हवे असलेले काम त्यातूनच होते. बारीक तुकड्यांत हे काम घटते आणि चुरा वाढतो. फार लांब काड्या कात्रीने वीतभर केल्या तर हरकत नाही. तेवढ्याने त्या गव्हाणीत नीट बसतात आणि ओढताना कमी सांडतात.

उपासाचा उपाय आणि त्याचा धोका

'जुने संपल्याशिवाय नवे नाही' हा नियम मुलांच्या ताटाला लावतात तसा काही घरांत सशालाही लावला जातो. सशाचे आतडे रिकामे राहणे सहन करीत नाही. तंतूंचा पुरवठा थांबला की आतड्याची हालचाल मंदावते, आत वायू धरतो, वेदनेमुळे ससा आणखी खात नाही आणि हे चक्र वेगाने बिघडत जाते. उपाशी सशाच्या यकृतावर मेदाचा भारही पडतो. सशाला उलटी होत नसल्याने पोटातील काही बाहेर टाकण्याचा मार्गही त्याला नसतो. सुमारे १० ते १२ तास सशाने काहीही खाल्ले नाही, किंवा लेंड्या फार लहान झाल्या अथवा थांबल्या, तर ती तातडीची वेळ समजून पशुवैद्याकडे न्यावे लागते. नागपुरात १९५८ साली स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय सेमिनरी हिल्स येथे आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही याच शहरात आहे.

म्हणून अकस्मात वाढलेली उरावळ ही नासाडी मानण्याआधी लक्षण मानावी. एप्रिल ते जून या काळात नागपूरचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. सशाला घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, आणि हवा ३० अंशांच्या वर गेली की त्याला त्रास होऊ लागतो. अशा वेळी त्याची भूक मंदावते. पाणी कोमट झाले की तो कमी पितो, आणि पाणी कमी गेले की वाळलेले गवतही कमी खाल्ले जाते. मे महिन्यात गव्हाण भरलेली दिसली तर प्रथम खोलीचे तापमान व पाण्याचे भांडे पाहावे. थंड पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलणे, ओल्या कापडात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली शेजारी ठेवणे आणि धुतलेला पाला ओलाच देणे यांमुळे खाणे सावरते. उन्हाळा नसताना ससा पाला खातो आणि गवत सोडतो, किंवा त्याच्या तोंडातून लाळ गळते, तर दाढा तपासून घ्याव्यात.

उरलेल्या गवताचा उपयोग

मोजमापाच्या वेळी केलेले तीन ढीग येथेही उपयोगी पडतात. कोरड्या स्वच्छ काड्या शेळीला किंवा गायीला घालता येतात. ज्यांच्या ओळखीत गोठा आहे, त्यांच्या घरी ही नासाडी जवळजवळ उरतच नाही. चुरा व भिजलेले गवत यांचे खत होते. सशाच्या लेंड्या कोरड्या व सौम्य असल्यामुळे त्या न कुजवताही कुंडीत घालता येतात. मुत्राने भिजलेल्या गवतात नत्र अधिक असते. त्यात वाळलेली पाने मिसळून, अधूनमधून वरखाली करून ते कुजवावे. गांडूळखताच्या टाकीत हे मिश्रण एकदम न घालता आठ-दहा दिवस आधी मुरू द्यावे, कारण आरंभीची उष्णता गांडुळांना सोसत नाही.

उन्हाळ्यात कोरड्या काड्यांचे आच्छादन कुंड्यांतील मातीवर पसरले तर पाणी लवकर उडून जात नाही. गवताला बी धरलेले असेल तर पहिल्या पावसानंतर कुंडीत तेच गवत उगवते. ते कोवळे असताना उपटून, धुऊन सशालाच देता येते. हे सर्व न करता पिशवीत बांधलेले गवत घंटागाडीत टाकले तर ते शहराच्या पूर्वेकडील भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाते. द्यावयाचेच झाल्यास ते ओल्या कचऱ्यात, पिशवीविना द्यावे.